मामा, खून तुम्ही केलेला नाही!

तीर्थस्वरूप मामांस,

भाचीचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग खरोखरच घातला आहे. पेनाचं टोपण कपाटाखाली गेलं होतं, ते काढायला आडवी झालेच होते, म्हटलं आता खाली आलोच आहोत तर नमस्कारही उरकून घेऊ.) तुमची तब्येत कशी आहे? गुडघा काय म्हणतो? मामींचा खोकला गेला का? दुकानाच्या दारावरची ती घंटी अजून गिऱ्हाईक आत आल्यावर वाजते, की पूर्वीसारखी ते बाहेर पडल्यावर? इकडे आई मजेत आहे, मी मजेत आहे, आणि ज्या वेताच्या खुर्चीत तुम्ही दर रविवारी बसायचात ती खुर्चीही मजेत आहे, तिच्यावर सध्या इस्त्रीचे कपडे असतात. चौकशी नीट, सावकाश, वडीलधाऱ्यांशी बोलावी तशी करायची असं ठरवून बसले होते, पण छे, मला दम निघत नाही. मामा, तुम्ही सुटलात! साफ निर्दोष! युवराजाच्या बापाचा खून तुम्ही केलेला नाही! तो काकाने केला!

पत्र फाडू नका. मामी, तुम्ही शेजारी असाल तर त्यांच्या हातातून काढून घ्या आणि तुम्ही वाचून दाखवा. अकरा महिन्यांत मी तुम्हाला चार पत्रं पाठवली आणि चारही तुम्ही न फोडता दुकानातल्या टेबलाच्या डुगडुगणाऱ्या पायाखाली घातलीत, हे मला मामींकडूनच कळलं आहे. (टेबल आता डुगडुगत नाही, हेही त्या म्हणाल्या. माझ्या लिखाणाचा एवढा उपयोग आजवर कुणालाच झाला नव्हता.) पण हे पाचवं पत्र तुम्हाला वाचावंच लागेल, कारण यात तुमच्या सुटकेचा हुकूम आहे.

आता तुम्ही आमचा एकही अंक हातात धरायचा नाही अशी शपथ घेतली असल्यामुळे थोडं मागचं सांगते. आमच्या छापखान्याचं 'सात चंद्रांचा सूड' हे पाक्षिक, दर पंधरा दिवसांनी बत्तीस रंगीत पानं. कथा आणि चित्रं परदेशातून येतात, फुग्यांतलं मराठी माझं. (फुगे म्हणजे पात्रांच्या तोंडापाशी काढलेले ते पांढरे गोळे, ज्यांच्यात संवाद असतात. आमच्याकडे ते संवाद संगणकावर बसवणाऱ्या गृहस्थांना सगळे 'फुगेवाला' म्हणतात. त्यांचं लग्न ठरताना मुलीकडचे दोन महिने समजत होते की जावई बागेबाहेर उभा राहतो.) तर चाळीस ग्रहांचा एक सम्राट. तो ऐन जेवणाच्या टेबलावर मारला जातो. त्याच्या तान्ह्या मुलाला दाई रिकाम्या पिंपात घालून अंतराळात सोडून देते, ते पोर कुठल्याशा खाणींच्या ग्रहावर वाढतं, एक दिवस त्याच्या मुठीतून वीज बाहेर पडते, आणि तो बापाचा सूड घ्यायला निघतो. पुढे नुसती धमाल! चुलतभाऊ, मामेभाऊ, सावत्र बहिणी, सगळे एकमेकांच्या उरावर, आणि प्रत्येकाकडे स्वतःचं आरमार. तसं पाहिलं तर एका घरातलीच भांडणं. आपल्याकडे बिनसलं की माणूस रविवारी यायचं बंद करतो, तिकडे तो एखादा ग्रह उडवतो. एवढाच काय तो फरक.

सगळा घोटाळा झाला तो पहिल्याच अंकाच्या सहाव्या पानावर. मरता मरता सम्राट खुनी आपल्या मुलाचा कोण लागतो ते सांगतो. आणि मामा, त्या मूळ भाषेत काका, मामा, मावशीचा नवरा, आत्याचा नवरा आणि शेजारचे कुणी पोक्त गृहस्थ, या सगळ्यांना मिळून एकच शब्द आहे! एवढी माणसं आणि शब्द एक! ते लोक जेवायला कुणाला बोलावतात आणि कोण येतं, देव जाणे. बरं, विचारायचं कुणाला? अंक दुपारी छपाईला जायचा होता. मी चित्र निरखून पाहिलं, तर तो खुनी राहत होता चंद्रावर. साम्राज्यातल्या सगळ्यांत मोठ्या चंद्रावर, काळ्या महालात. झालं! चंद्रावर राहतो तो मामाच की हो! आपल्याकडे पाळण्यातल्या पोरालाही चंद्र दाखवतात तो मामा म्हणूनच, चंद्राला काका म्हटल्याचं कुणाच्या ऐकिवात आहे का? मी बेधडक 'मामा' लिहिलं, पुढे त्याचा 'महामामा' केला, आणि स्वतःच्या हुशारीवर खूश होऊन दोन कप चहा प्यायले.

आता त्याच्या डाव्या डोळ्यावरच्या काचेविषयी. ती काच मी घातलेली नाही. तो चित्रकार समुद्रापलीकडे राहतो, तुम्ही सदऱ्याच्या टोकाने चष्मा पुसता हे त्या बिचाऱ्याला कुठून ठाऊक असणार? महामामा डगल्याच्या टोकाने काच पुसतो हा निव्वळ योगायोग. टक्कल हाही योगायोग. नाकातून हसणं... तेही चित्रातच होतं. पण चौदाव्या अंकातलं वाक्य मात्र माझं, ते मी कबूल करते, कान धरून करते. त्याचं असं झालं, की मूळ वाक्य होतं दोन शब्दांचं आणि फुगा होता हा एवढा मोठा. फुगेवाला म्हणाला, ताई, पोकळ दिसतंय, काहीतरी भरा. आणि माझ्या तोंडून आपसूक निघून गेलं, "आपल्याला काय, आपण बोलणार नाही." असं बसलं ते, जसं काही त्याच फुग्यासाठी जन्माला आलं होतं! पहिल्या चित्रात महामामा काच पुसत म्हणतो, आपल्याला काय, आपण बोलणार नाही, आणि पुढच्या तीन पानांत तीन ग्रह बेचिराख. (तुम्ही असं म्हणून पाऊण तास बोलता, तेव्हा आमचीही तशीच अवस्था होते, पण ते जाऊ दे.)

वाचकांनी ते वाक्य डोक्यावर घेतलं. बँकेत, बसमध्ये, दवाखान्याच्या रांगेत, जो तो आपण बोलणार नाही म्हणायला लागला. मी तर हवेत होते. आणि मग तुमच्या दुकानात वाचायचा चष्मा न्यायला आलेल्या पोस्टमनने तुम्हाला कडक सलाम ठोकून "महामामांचा विजय असो" म्हटलं. त्या रविवारी तुम्ही आमच्याकडे आलात, चहाचा कप बशीवर ठेवलात, म्हणालात, आपल्याला काय, आपण बोलणार नाही. आणि मामा, आयुष्यात पहिल्यांदाच तुम्ही खरोखर बोलला नाहीत. उठून गेलात. आई दारात कितीतरी वेळ उभी होती. तिला वाटलं, तुम्ही छत्री विसरलात म्हणून परत याल. छत्री अजून इथेच आहे.

असो, असो, आजचा दिवस रडायचा नाही! अडतिसाव्या अंकाची पानं आली. मी एकोणिसावं पान उघडलं, आणि महामामा सम्राटाच्या समाधीपुढे गुडघे टेकून काय म्हणतो? की आपण एका आईच्या पोटचे, तरी गादी तुलाच का मिळाली! एका आईच्या पोटचे! म्हणजे तो सम्राटाचा सख्खा भाऊ! म्हणजे युवराजाचा काका! दीड वर्षाचं काम पाण्यात... आणि दुसऱ्या क्षणी डोक्यात लख्ख उजेड पडला की अरे, म्हणजे मामा सुटले! मी खुर्चीवरून अशी उडी मारली की शाईची बाटली फुगेवाल्याच्या डब्यात. अख्खा छापखाना सुतक आल्यासारखा बसलेला आणि मी मधोमध नाचते आहे, हे दृश्य आमच्या संपादकांनी दारात उभं राहून पाहिलं. (त्यांना आम्ही पाठीमागे 'पूर्णविराम' म्हणतो, कारण ते एक शब्द बोलतात आणि चर्चा संपते. त्या दिवशी ते "बसा" म्हणाले.)

मग सुरू झाली खलबतं. पूर्णविराम आधी म्हणाले, "दोन्ही?" म्हणजे तो मामाही आणि काकाही असू शकत नाही का? मी पाठकोऱ्या कागदावर वंशावळ काढून दाखवली. आईचाही सख्खा भाऊ आणि बापाचाही सख्खा भाऊ म्हटल्यावर सम्राट आणि महाराणी एकमेकांचे कोण झाले? पूर्णविरामांनी तो कागद चार घड्या घालून खिशात टाकला आणि पाणी मागितलं. दुसरी सूचना फुगेवाल्याची, की हवालदाराला लोक म्हणतात तसं सगळं साम्राज्यच त्याला आदराने मामा म्हणतं असं दाखवू. पण मग महाराणीचं काय? पहिल्या अंकात तिने नवऱ्याच्या प्रेतावर पडून फोडलेला टाहो, "दादा, हे तू केलंस?", त्यावर किती वाचक रडले होते! आता तिथे हवं "भावोजी, हे तुम्ही केलंत?" मी तीनदा मोठ्याने म्हणून पाहिलं. जमेना. भावोजी म्हटलं की पाहुणा डोळ्यांपुढे येतो, खुनी येत नाही. आणि त्याची ती विषारी नखांची बायको, नऊशे युद्धनौकांची सेनापती, जिच्या नुसत्या नावाने ग्रह शरण येतात, ती मामीची काकू होणार! "काकू, क्षेपणास्त्रं सोडा!" छे हो, हे वाचून कुणी शरण येईल का? लोक हळदीचे डाग कसे काढायचे ते विचारतील.

शेवटी पूर्णविराम म्हणाले, "शुद्धिपत्र." विषय मिटला. अडतिसाव्या अंकाच्या पहिल्याच पानावर, जाड चौकटीत, 'अंक १ ते ३७ मध्ये जेथे जेथे मामा छापले आहे तेथे तेथे काका असे वाचावे. मामांना झालेल्या मनस्तापाबद्दल संपादक मंडळ दिलगीर आहे.' दुसरं वाक्य मी भांडून घालून घेतलं. तो अंक सोबत पाठवते आहे. चौकट कापून दुकानाच्या काचेवर आतल्या बाजूने चिकटवा, म्हणजे बाहेरून वाचता येईल, आणि पोस्टमनला आधी दाखवा.

इथे पत्र संपायला हवं होतं. पण आमच्या छापखान्यात गोष्टी संपत नाहीत. त्याच आठवड्यात पहिल्या बारा अंकांचा जाड पुठ्ठ्याचा एकत्र ग्रंथ छपाईला जायचा होता. पूर्णविराम फुगेवाल्याला म्हणाले, "बदला." म्हणजे यातले सगळे मामा काढा, काका घाला. फुगेवाला कष्टाळू खरा, पण त्याहून आळशी. त्याने संगणकाला हुकूम दिला, की दिसेल त्या 'मामा'चा 'काका' कर, आणि जेवायला गेला. संगणकाने इमानेइतबारे केलं. मी असते तर डोळ्यांत तेल घालून वाचलं असतं, पण मी त्या दिवशी रजेवर होते. (का, ते पुढे सांगेन, किंवा नाही सांगणार.) ग्रंथ छापून आला. पहिल्या पानावरचं पहिलं वाक्य मी मूळ असं लिहिलं होतं, 'या महासंग्रामामागे एकाच घराचं वैर आहे.' आता मामा, 'महासंग्रामामागे' हा शब्द हळूहळू म्हणा. त्याच्या पोटात तुम्ही बसलेले आहात! संगणकाने तुम्हाला तिथूनही हुडकून काढलं. छापून आलं, 'या महासंग्राकाकागे एकाच घराचं वैर आहे.' युवराजाचं खाणीतलं कामामागून काम झालं 'काकाकागून काम'. मी ते वाचलं आणि जमिनीवरच बसले.

आणि वाचक? आमचे वाचक म्हणजे हिरे आहेत! एकालाही चूक वाटली नाही. आठवड्याभरात एकवीस पत्रं आली, की हा महासंग्राकाका कोण? खरा सूत्रधार हाच, आम्ही कधीच ओळखलं होतं. एका निवृत्त मुख्याध्यापिकेने पाच पानी पुरावे पाठवले की सम्राटाला त्यानेच मारलं, बाकी दोघे उगाच बदनाम झाले. एकाने तर त्याचं चित्र काढून पाठवलंय, चार हात आणि गळ्यात ग्रहांची माळ. पूर्णविरामांनी ते चित्र पाहिलं आणि म्हणाले, "घ्या." आता मला त्याला कथेत घ्यायचंय! मूळ चित्रांत नसलेला माणूस! माझी झोप उडाली आहे, पण मजा काय येते आहे, काय सांगू!

यात आपले काका (माझे हो, बाबांचे भाऊ) मध्येच अडकले. अकरा महिने ते दर पंधरा दिवसांनी आईला फोन करून, काय वहिनी, महामामा काय म्हणतायत, असं विचारून खो खो हसत होते. शुद्धिपत्र आल्या दिवशी फोन आला, आवाज अगदी बारीक, हे काय चालवलंयस तू? मी मनातल्या मनात तुमच्या वतीने टाळ्या वाजवल्या. पण दोन दिवसांनी पुन्हा फोन, या वेळी नुसते आशीर्वादच आशीर्वाद. कारण त्या ग्रंथाची अर्पणपत्रिका. मामा, ती मी तीन महिन्यांपूर्वीच लिहून दिली होती, कुणाला न सांगता. 'माझ्या मामांस, ज्यांनी दुकानातल्या बाकावर बसवून मला पहिली चित्रकथा वाचायला दिली.' संगणकाने तीही सोडली नाही. छापलंय, 'माझ्या काकांस'. काकांचं दुकान नाही, बाक नाही, ते आयुष्यभर पाणीपुरवठ्यात होते. पण त्यांना ते बाक आता आठवायला लागलं आहे! रंगसुद्धा सांगितला, हिरवा म्हणे. बाक तपकिरी होतं, मामा. डाव्या टोकाला खिळा वर आलेला, त्यात माझा फ्रॉक अडकला होता, आणि डोळे तपासायला आलेल्या मुलांनी रडू नये म्हणून तुम्ही ठेवलेल्या अंकांतला पहिला अंक माझ्या मांडीवर ठेवून तुम्ही म्हणाला होतात, चित्रं बघ, अक्षरं आपोआप येतील. आली. तुमच्यामुळे आली. तुमच्यासारखं बोलणारं दुसरं माणूस मला ठाऊकच नाही, म्हणून तो मोठा फुगा भरताना तुमचंच वाक्य आलं. चेष्टा नव्हती हो ती.

ग्रंथ सोबत आहे. तुमच्या प्रतीत 'काकांस' खोडून मी पेनाने 'मामांस' केलं आहे. बाकीच्या सगळ्या प्रतींत बाक हिरवंच राहणार.

माझं मागणं काहीच नाही. फक्त कळवावंसं वाटलं. मामींना नमस्कार.

तुमची,
चंद्र बघून फसलेली भाची

ता. क. मामींना काकूचं प्रकरण हळूच सांगा. नऊशे युद्धनौका हातच्या गेल्या म्हणजे त्यांना वाईट वाटणार. त्या माझे सगळे अंक दुकानाच्या मागच्या खणात ठेवून वाचतात, हे मी तुम्हाला सांगितलेलं नाही.

ता. क. दुसरा. मी रजेवर होते त्या दिवशी आईला डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं होतं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. उजव्याचं ऑपरेशन येत्या गुरुवारी, सकाळी नऊला. डॉक्टरांना ती म्हणाली, भावाला विचारून सांगते, त्याला डोळ्यांतलं सगळं कळतं. घरी आली आणि तुम्हाला विचारलं नाही. मी फोन पुढे केला तर म्हणाली, तो आधी येऊ दे. तिच्या चष्म्याची काडी चार महिने तुटलेली आहे, दोऱ्याने बांधून घालते. आमच्या रस्त्यावर चष्म्याची तीन दुकानं आहेत, पण दुसऱ्या कुणाला ती हात लावू देत नाही. आणि आता म्हणते, एवढी काय घाई आहे ऑपरेशनची, दिसतंय की. काल तिने चहात साखरेऐवजी मीठ घातलं. हे मी लिहिलंय हे तिला कळता कामा नये. वेताच्या खुर्चीवरचे कपडे मी कपाटात ठेवले आहेत.

ता. क. तिसरा आणि शेवटचा. तिला वाचता येत नाही म्हणून हल्ली अंक मीच वाचून दाखवते. प्रत्येक अंकाच्या शेवटी तिचा एकच प्रश्न असतो, मामा जिवंत आहे ना? युवराज त्याला मारायच्या बेतात आला की ती मला म्हणते, वाचव गं त्याला काहीतरी करून. म्हणून शुद्धिपत्र छापून आलं त्या दिवशी मी नाचतच बातमी दिली, आई, मामा निर्दोष, तो काका निघाला! मला वाटलं हसेल. ती चष्म्याचा दोरा नीट करत बसली आणि मग म्हणाली, "अगं, म्हणजे त्या पोराला मामाच नाही का?" मी अडतीस अंक पुन्हा चाळले. महाराणीला भाऊ कुठेच नाही. पण तिच्याकडे बघून मला नाही म्हणवेना. मी सांगून टाकलं, आहे ना आई, आहे, तो वाटेत आहे. आता मामा, गुरुवारी नऊच्या आत काय ते बघा. आल्यावर पहिलं वाक्य कोणतं म्हणायचं ते तुम्हाला ठाऊकच आहे. पुढचा पाऊण तास ती डोळ्यावर पट्टी बांधून नुसती ऐकत पडेल.